गोदाकाकूंची नववी जागा

आमच्या मधुकुंज सोसायटीत "आम्ही सूर्यकिरणमध्ये होतो" असं कुणी म्हणालं, तर त्या गोदाकाकूच. आणि दिवसातून एकदा तरी त्या ते म्हणतातच. भाजीवाल्याला म्हणतात, गॅसवाल्याला म्हणतात, सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टाकीचा विषय निघाला तरी म्हणतात. नवख्या माणसाला वाटतं, बाई विमान चालवत असाव्यात. मग कळतं, सूर्यकिरणमध्ये होते ते त्यांचे यजमान विठ्ठलकाका, आणि तेही विमानात नव्हे, विमानाखाली. हवाई दलाची आकाशात कसरती करणारी ती तुकडी बिदरच्या तळावर होती. काका तिथं सार्जंट. इंजिनं तपासायची, धुराच्या टाक्या भरायच्या, विमान परत आलं की पुसायचं. आणि काकू क्वार्टरच्या गच्चीवर कुरडया वाळत घालायच्या. एवढ्या पुंजीवर "आम्ही".

मी हेमांगी, त्यांच्या समोरच्या दारातली. ठाण्याला एका बँकेत काउंटरवर बसते, त्यामुळे लोकांच्या बढाया ऐकून घ्यायची मला सवय आहे; सोसायची मात्र नाही. डोंबिवलीत राहायला आले तेव्हा पहिलं वर्षभर मी काकूंचं दार उघडल्याचा आवाज आला की आपलं दार लावून घ्यायचे. तरी त्यांनी मला गाठलंच, आणि हवाई दलाचा कसरतींचा इतिहास माझ्या डोक्यात असा भरला की आता झोपेत विचारा, सांगते.

तो इतिहास काकूंच्या मते निळ्या रंगापासून सुरू होतो. काका नवे भरती झाले त्या सुमारास, म्हणजे ऐंशीच्या दशकात, हंटर विमानांची एक तुकडी होती, थंडरबोल्ट्स. निळी विमानं. हवाई दलाला पन्नास वर्षं झाली म्हणून ती उभी राहिली, आणि दशक संपता संपता बंद झाली. मग काही वर्षं काहीच नाही. "आकाश नुसतं रिकामं," काकू म्हणतात, जणू त्या काळात पक्षीही उडत नव्हते. शहाण्णव साली बिदरला सूर्यकिरण सुरू झालं. विमान किरण नावाचं, ज्याच्यावर नवी पोरं उडायला शिकतात तेच साधं विमान, फक्त लाल-पांढऱ्या रंगात. आधी चार, मग सहा, मग नऊ. "नऊ झाली आणि आमची बदली बिदरला झाली," हे वाक्य काकू अशा काही म्हणतात की त्यांच्यासाठीच ती थांबली होती असं वाटावं.

रोज सकाळी सराव. नऊ विमानं एकमेकांना खेटून, एक रिक्षा कशीबशी आडवी जाईल एवढ्या अंतरावर, गच्चीवरून जायची. कुकरच्या शिट्ट्या कुणाच्याच घरात मोजता येत नसत. पांढरा धूर कसा निघतो, तर जेटच्या गरम झोतात डिझेल सोडतात म्हणून. त्या काळच्या आपल्या कुरडयांना डिझेलचा वास यायचा आणि माहेरची माणसं तळलेल्या कुरडया तोंडात धरून गप्प बसायची, असंही काकू सांगतात. ही मात्र थाप असावी.

दोन हजार अकरात तुकडी थांबवली. शिकाऊ पोरांना विमानं कमी पडत होती, म्हणून लाल-पांढरी किरण त्यांच्याकडे परत गेली. काका तोवर निवृत्त होऊन डोंबिवलीत एमआयडीसीतल्या एका कारखान्यात लागले होते. काकूंनी त्या वर्षी पाडव्याला श्रीखंड केलं नाही. पुढं काही वर्षांनी हॉक विमानं घेऊन सूर्यकिरण परत उभं राहिलं, हळूहळू पुन्हा नऊ झालं, आणि काकूंनी अख्ख्या बिल्डिंगीत पेढे वाटले. मला वाटलं नातू झाला. मी दागिना नाही तरी झबलं तरी द्यावं म्हणून बाजारातून घेऊनही आले. ते झबलं अजून माझ्या कपाटात आहे.

विठ्ठलकाका ह्या सगळ्यावर काही बोलत नाहीत. काकू म्हणतात, इंजिनांच्या आवाजानं ह्यांचे कान गेले. काका एकदा जिन्यात मला हळूच म्हणाले होते, "ऐकू सगळं येतं मला. सांगू नकोस."

तर ही गोष्ट गेल्या पाडव्याची.

डोंबिवलीत गुढीपाडव्याची स्वागतयात्रा म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळत नाही. पहाटेपासून फडके रोडवर मुंगीला शिरायला जागा नसते. ढोल, लेझीम, चित्ररथ, आणि नऊवारी नेसून स्कूटरवर निघालेल्या बायका. आमच्या सोसायटीच्याही निघतात. आदल्या वर्षी आम्ही निघालो ते मेंढवाड्याचं दार उघडं राहिल्यावर मेंढरं निघतात तसं. दोघी पुढं, तिघी मागं राहिल्या, एक सिग्नलला अडकली ती थेट दुपारी घरी आली. म्हणून ह्या वर्षी बायकांची बैठक भरली, आणि बैठकीत गोदाकाकू उठल्या.

"नऊ जणी घ्या," त्या म्हणाल्या. "डायमंड करू. पुढं एक, मग दोन, मग तीन, मग दोन, शेवटी एक. वरनं बघितलं तर पतंग."

"वरून कोण बघणार काकू?" तिसऱ्या मजल्यावरची पायल म्हणाली. पायल कॉलेजात आहे आणि तिला कशाचंच काही वाटत नाही.

"बाल्कन्या काय कमी हैत काय फडके रोडला?"

लीडर ठरली शिवानी. ती पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, सकाळच्या रिपोर्टांच्या घाईत गाडी हाणायची तिला सवय. माझी जागा बरोबर मधली. एकेक करून आठ नावं झाली. नवव्या जागेसाठी कुणी पुढं येईना, कारण शेपटाला कोण उभं राहणार.

"नववी जागा माझी," काकू म्हणाल्या.

टाळ्या पडल्या. काकूंना गाडी येते का, हे विचारायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. जी बाई सूर्यकिरणमध्ये होती, तिला स्कूटर येत नाही असं कसं असेल?

सराव सुरू झाला तोही गाड्यांशिवाय. काकूंचं म्हणणं, पायलट लोक उडायच्या आधी धावपट्टीशेजारी तीच कसरत पायी चालतात. लीडर तोंडानं हुकूम देतो, बाकीचे हात विमानासारखे धरून वळतात. म्हणून आम्ही आठ जणी सोसायटीच्या आवारात, हात पुढं करून, हँडल धरल्यासारखं चालायचो. शिवानी ओरडायची, "उजवीकडे... आता!" आणि आम्ही वळायचो. बाल्कनीतून नवरे मोबाइलवर शूटिंग करायचे. वॉचमन आधी हसला आणि मग आम्हाला गेट उघडून देऊ लागला, गाडी नसतानाही.

काकूंचे नियम तीन. पहिला, डोक्यावर हेल्मेट. फेटे आणले होते ते परत गेले, आणि नथ हेल्मेटच्या पट्ट्यात कशी अडकू द्यायची नाही ह्यावर एक संध्याकाळ गेली. दुसरा, रस्त्याकडं बघायचं नाही. "रस्ता बघायला लीडर हाय. तुम्ही फक्त लीडरच्या गाडीचा मागचा लाल रिफ्लेक्टर बघायचा. ती खड्ड्यात गेली तर तुम्ही खड्ड्यात जायचं."

तिसरा नियम सगळ्यात अवघड. सराव झाला की बाकावर बसायचं आणि प्रत्येकीनं आपली चूक आपल्या तोंडानं सांगायची. दुसऱ्याचं नाव घ्यायचं नाही आणि "पण" म्हणायचं नाही. सूर्यकिरणमध्ये म्हणे लीडरही हेच करतो, तिथं हुद्दा खोलीच्या बाहेर ठेवतात. पहिल्या दिवशी आम्हा आठ जणींच्या तोंडून आमच्या चुकांसाठी दोन सासवा, एक दीर, महानगरपालिका आणि पायलचा टेलर जबाबदार ठरले. कुणी "पण" म्हटलं की काकू ट्रॅफिक पोलिसासारखा हात वर करायच्या. सरळ चूक सांगितली की म्हणायच्या, "घेतलं. पुढं." बस्स. त्यावर चर्चा नाही, टोमणा नाही. मला आधी हे खूळ वाटलं. मग एक दिवस बँकेत कुणाशी तरी चिडून बोलले आणि मनातल्या मनात "पण" म्हणताना काकूंचा हात दिसला. त्या दिवशी मी त्यांच्यावर फार चिडले.

गाड्यांवर पहिला सराव झाला तेव्हा काकू बाकावर उभ्या राहून शिट्टी वाजवत होत्या. "आधी मला बाहेरनं बघू दे," म्हणाल्या. आम्ही आठ जणी निघालो, सगळ्यांची नजर रिफ्लेक्टरवर. शिवानी रोज संध्याकाळी मुलीला भरतनाट्यमच्या क्लासला सोडते. क्लासची गल्ली आली, तिचा हात सवयीनं वळला, आणि आम्ही सातही जणी पाठोपाठ क्लासच्या अंगणात घुसलो. तिथं छोट्या मुली पायात चाळ बांधून उभ्या होत्या. बाईंनी आमच्याकडं बघून विचारलं, "अॅडमिशन का?"

बाकावर शिवानी म्हणाली, "मी वळले. हाताला सवय."

"घेतलं. पुढं." पण काकूंचा चेहरा आनंदानं फुलला होता. "आठच्या आठ आत! एक बी बाहेर न्हाई राहिली! ह्याला म्हणतात फॉर्मेशन."

पायल मात्र म्हणाली, "काकू, तुम्ही कधी बसणार गाडीवर? नवव्या नंबरशिवाय पतंगाला शेपूटच नाही."

"बसते की. घाई काय हाय?"

त्यानंतरच्या रविवारी मी सकाळी दूध आणायला एमआयडीसीच्या बाजूनं गेलेले. बंद कारखान्यासमोरचा रस्ता मोकळा असतो. तिथं एक भाड्याची बॅटरीवरची स्कूटर, ती लायसन्स लागत नाही तसली, कडेच्या मेंदीच्या कुंपणात तोंड खुपसून उभी होती. शेजारी मातीत बसून गोदाकाकू पायातला काटा काढत होत्या.

मी बघतच राहिले. त्यांनी मला बघितलं. लपायला काही नव्हतं.

"येत नाही ना तुम्हाला?" मी म्हटलं. मला राग आलेला. दीड महिना आम्हाला नाचवणारी बाई.

"न्हाई येत."

"मग नववी जागा माझी कशाला बोललात?"

काकूंनी काटा उपटून फेकला. मग म्हणाल्या, "बिदरला सगळ्या बायका लुना शिकल्या. मी पण म्हटलं ह्यांना. हे म्हणाले, 'पडशील.' हेमांगी, हा माणूस बोलतो किती तुला ठाऊक हाय. त्यातला एक शब्द माझ्या वाट्याला, तो हा. मग मी गच्चीवर गेले आणि रोज वर बघत बसले. बघून पोट भरत न्हाई गं. एकदा त्यात असायचंय. शेपटाला का हुईना."

मी दुधाची पिशवी कुंपणावर ठेवली आणि गाडी बाहेर ओढली. काकांना सांगायचं नाही, असं ठरलं.

रोज सकाळी मी त्यांना शिकवलं. शिकवताना माझा आवाज चढायचा, आणि मग मीच "चूक माझी, ओरडले" म्हणायचे, आणि काकू घसरलेल्या गाडीखालून म्हणायच्या, "घेतलं. पुढं." तोल सांभाळायला त्या शिकल्या. ब्रेक शिकल्या. सरळ रस्ता छान जमला. वळण मात्र जमेना, आणि एक गोष्ट तर अजिबातच जमेना: रस्त्यावरची नजर उचलणं. "काकू, रिफ्लेक्टर!" मी पुढच्या गाडीवरून ओरडायचे. "बघते, बघते," म्हणायच्या आणि चाकासमोरची वीतभर जमीन सोडायच्या नाहीत. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! मी हे त्यांना तोंडावर म्हटलं. त्या म्हणाल्या, "खरंय. मीच घातलेला नियम मलाच जमंना."

शेवटच्या सरावाला त्या नवव्या जागेवर बसल्या. गाडी डुगडुगली, पण पडल्या नाहीत. यात्रेचा मार्ग जवळजवळ सरळच होता, तेवढाच आधार. मी चोरून वर बघितलं. विठ्ठलकाका बाल्कनीत उभे होते. बघून आत निघून गेले.

संध्याकाळी ते माझ्या दारात आले. हातात पत्र्याचे रिकामे डबे. धूर नाही तर सूर्यकिरण कसलं, एवढंच म्हणाले. प्रत्येक डब्याला भोकं पाडून, आत गोवरीचा निखारा आणि ऊद घालायची सोय करून, वरून जाळी ठोकून, त्यांनी गाडीच्या मागच्या दांडीला बांधायची धुपाटणी केली होती. मी डबे मोजले. नऊ होते.

"काका, काकूंना सरळच येतं फक्त," माझ्या तोंडून गेलं.

"दिसलं मला," ते म्हणाले. "डबे नऊच लागतात."

पाडव्याच्या सकाळी आम्ही निघालो. नऊ नऊवाऱ्या, नऊ हेल्मेटं, मागून उदाचा पांढरा धूर. एक वयस्कर गृहस्थ आमच्याकडं बघून हात जोडत होते, ते कसरतीला की धुपाला, देव जाणे. मला त्यातलं काही नीट दिसलं नाही, कारण मी फक्त शिवानीचा रिफ्लेक्टर बघत होते. आमच्या गाड्यांत खरोखर एक रिक्षाही शिरली नसती. मला इतकं शहाणं आणि हलकं कधी वाटलं नव्हतं, आणि त्यासाठी मी काकूंना मनातून माफ केलं, त्या झबल्यासकट.

मुख्य चौकाच्या थोडं अलीकडं पुढचं ढोलपथक अचानक थांबलं आणि रस्ता सोडून कडेला झालं. एका स्वयंसेवकानं हात हलवला. डावीकडं एक गल्ली होती, एका साडीच्या दुकानाला लागून. आणि ह्या शिवानीचा, आमच्या लीडरचा, हात पुन्हा वळला.

आम्ही सातही जणी पाठोपाठ वळलो. अतिशय सुंदर वळलो. गल्लीत शिरल्यावर समोर एक टेम्पो उभा, मागं फिरायला जागा नाही, आणि मागं रस्त्यावर ढोल पुन्हा सुरू झालेला.

"परत? शिवानी, यार!" पायल किंचाळली.

मी मागं वळून हेल्मेटं मोजली. आम्ही आठच होतो. काकू नव्हत्या.

त्या रस्त्यावरच राहिल्या होत्या. आम्ही रिफ्लेक्टर बघत होतो आणि त्या, त्यांचाच नियम त्यांना कधी न जमल्यामुळं, रस्ता बघत होत्या. मधल्या त्या मोकळ्या फडके रोडवर, हजारो माणसांसमोर, बासष्ट वर्षांची बाई, जिची गाडी कुंपणातून मीच बाहेर ओढलेली, एकटी. पडली तर? सगळ्या डोंबिवलीदेखत पडली तर? आयुष्यभर मनात धरलेला तो एक शब्द खरा ठरेल, आणि तो खरा करायला मी तिला गाडी शिकवली, असं माझ्या मनात आलं. गल्लीतून आम्हाला काहीच दिसत नव्हतं. फक्त चौकातला भोंगा ऐकू येत होता.

"...आणि आता मधुकुंज सोसायटीच्या नऊ भगिनी," निवेदक उत्साहानं म्हणाला. मग थांबला. "नऊ... एक. एकच भगिनी आहेत वाटतं." गर्दीत हशा पिकला. तो हशा गल्लीपर्यंत आला.

मग भोंग्यात खरखर झाली. कुणीतरी माइक घेतला होता. "हसू नका," आवाज म्हणाला.

मी इतक्या वर्षांत तो आवाज फार थोडा ऐकला होता, तरी लगेच ओळखला. पायलनं माझा दंड धरला. "काका?"

"मी सार्जंट मोहिते. सूर्यकिरण, बिदर," आवाज म्हणाला. "बाकीची विमानं बाजूला जातात आणि एक विमान एकटं येतं. ह्याला सोलो म्हणतात. आसपास सांभाळून घ्यायला कुणी नसतं. सगळ्यात पक्का पायलट लागतो." मग थोडा वेळ काही नाही. मला वाटलं, झालं, संपला काकांचा वर्षभराचा साठा. पण आवाज पुन्हा आला. "धूर बघा. सरळ रेघ हाय. पायलट, गोदावरी विठ्ठल मोहिते."

टाळ्यांचा जो आवाज आला, तो मी आजही सांगू शकत नाही. मला रडू आलं, आणि हेल्मेटमुळं डोळे पुसताही येईनात.

"टेम्पोच्या बाजूनं निघते गाडी," शिवानी म्हणाली. गल्ली पुढं वळून चौकापलीकडं रस्त्याला मिळत होती. एकेक करून आम्ही निघालो. रस्त्यावर बाहेर पडलो तेव्हा काकू समोरून नुकत्याच पुढं गेल्या होत्या. मान ताठ, नजर चाकापुढच्या वीतभर जमिनीवर, मागं धुराची रेघ.

"आता लीडर कोण?" पायलनं विचारलं.

"नऊ नंबर," शिवानी म्हणाली.

आम्ही आठ जणी त्यांच्या मागं दोन, तीन, दोन अशा लागलो, एक शेपटाला. आणि उरलेली यात्रा सगळ्यांनी गोदाकाकूंचा रिफ्लेक्टर बघत पार पाडली.

दुपारी बाकावर श्रीखंडाच्या वाट्या घेऊन बसलो. नऊवाऱ्या तशाच. शिवानी म्हणाली, "मी वळले. पुन्हा."

"घेतलं. पुढं."

माझी पाळी आली. "मागं कोण राहिलं ते मी बघितलं नाही."

"घेतलं. पुढं." मग काकूंनी वाटी खाली ठेवली. "आता माझी. मी लीडरकडं बघितलंच न्हाई. समोरच्या आठ जणी एकदम गडप झाल्या. मला वाटलं, मीच चुकले. वळायला तर येत न्हाई मला, म्हणून सरळ गेले."

कुणी हसलं नाही. मग पायल हसली, आणि मग आम्हाला आवरेना.

विठ्ठलकाका बाकामागं उभे होते. थंड झालेले डबे सोडवून पुसत होते, विमान परत आल्यावर पुसत असतील तसे. ते आमच्या ह्या बैठकीत कधी बोलले नव्हते.

"माझी पण एक हाय," ते म्हणाले. हातातला डबा त्यांनी खाली ठेवला. "बिदरची. मी म्हटलं होतं, पडशील."

काकूंचा हात सवयीनं वर गेला, पुढचा "पण" अडवायला. काकांकडून "पण" आलाच नाही. हात बराच वेळ तसाच वर राहिला. मग काकूंनी तो खाली घेतला आणि पदरानं तोंड पुसलं.

"घेतलं," काकू म्हणाल्या. आणि त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांना "पुढं" म्हणता आलं नाही.